जांभ्यातील प्लॅटिनमचे कण खडकातून उरलेले की मातीत घडलेले?

आपला प्रश्न असा आहे की, निकेलयुक्त जांभ्याच्या मातीत प्लॅटिनम, इरिडियम, रुथेनियम यांचे जे सूक्ष्म खनिजकण सापडतात, ते मूळ खडकातून उरलेले असतात की मातीतच नव्याने घडतात. आणि सहसा कशाशीही संयोग न पावणारा प्लॅटिनमसारखा धातू जमिनीतल्या पाण्यात विरघळतो तरी कसा. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच कणात आढळू शकतात आणि म्हणूनच कणाचा गाभा आणि त्याची कड यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

असा जांभा पेरिडोटाइटसारख्या अत्यल्पसिकत, म्हणजे सिलिका फार कमी असलेल्या खडकांवर तयार होतो. प्रावरणातून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून आलेल्या या खडकांत प्लॅटिनमचे प्रमाण साधारणपणे एक अब्ज भागांत ७ भाग, तर इरिडियमचे ३ भागांच्या आसपास असते. रुथेनियम आणि ऑस्मियम यांचा बराचसा वाटा लॉराइट या सल्फाइड खनिजात असतो. हे खनिज १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला स्फटिकरूप घेते आणि पुष्कळदा क्रोमाइट या क्रोमियम-लोहाच्या ऑक्साइड खनिजाच्या स्फटिकात बंदिस्त होते. क्रोमाइट विदारणाला, म्हणजे हवा-पाण्याने खडक कुजण्याच्या क्रियेला, दाद देत नसल्यामुळे, त्याला तडा गेला नसेल तर आतले लॉराइट माती झाल्यानंतरही अबाधित राहते.

तडा गेलेल्या क्रोमाइटमधील कणांची गोष्ट निराळी आहे आणि नेमका येथेच अनेकांचा गोंधळ होतो. अशा कणांची कड स्पंजासारखी सच्छिद्र दिसली, की ती विदारणाने झाली असे लिहिले जाते. परंतु माती होण्याच्या कितीतरी आधी, खडकाचे सर्पेंटाइनीभवन (पाण्यामुळे त्यातील खनिजांचे सर्पेंटाइनमध्ये रूपांतर) होत असतानाच हा बदल सुरू झालेला असू शकतो. खडकातील ऑलिव्हिन या खनिजामधील लोहाची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन मुक्त होतो, भोवतालची परिस्थिती तीव्र क्षपणकारक (ऑक्सिडीकारकाच्या उलट) बनते, लॉराइटमधील गंधक निघून जाते आणि मागे रुथेनियम, ऑस्मियम व इरिडियम यांच्या मिश्रधातूची जाळी उरते. निकेल आणि लोह यांचा अवारुआइट हा मिश्रधातूही याच परिस्थितीत तयार होतो.

पुढे उष्ण व दमट हवामानात विदारण सुरू झाले की मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्याबरोबर वाहून जातात, लोह गोएथाइट या जलयुक्त लोह ऑक्साइड खनिजाच्या रूपाने मागे राहते आणि निकेलचा काही भाग खाली झिरपून कुजलेल्या खडकाच्या थरात साठतो. खडकाचे एवढे वस्तुमान निघून गेल्यावर जागच्या जागी राहिलेल्या मूलद्रव्यांचे प्रमाण आपोआप वाढते. म्हणून मातीत प्लॅटिनम अधिक आढळले एवढ्यावरून ते दुसरीकडून आले असा निष्कर्ष काढू नये; आधी टायटॅनियम किंवा झिर्कोनियम यांसारख्या फारशा न हलणाऱ्या मूलद्रव्यांच्या वाढीशी त्याची तुलना करावी.

याच काळात सच्छिद्र जाळीत लोहाची ऑक्साइडे भरतात, तर प्लॅटिनम-लोह मिश्रधातूतील लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन ते वेगळे पडते. इलेक्ट्रॉन शलाकेने असा कण तपासला तर प्लॅटिनम, लोह आणि ऑक्सिजन एकत्र दिसतात, आणि त्यावरून ‘प्लॅटिनमचे ऑक्साइड’ असे नाव दिले जाते. न्यू कॅलेडोनियातील अशा कणांचा क्ष-किरण शोषणाच्या पद्धतीने अभ्यास झाला, तेव्हा प्लॅटिनम धातुरूपातच असून ऑक्सिजन लोहाशी जोडलेला असल्याचे दिसले. शलाकेचा झोत सुमारे एक मायक्रोमीटर भागाची सरासरी देत असल्याने त्याहून बारीक मिश्रण तिला वेगळे करता येत नाही. त्यामुळे असे नाव जपूनच वापरावे.

आता विरघळण्याविषयी. प्लॅटिनमचा मोठा कण जवळजवळ निष्क्रिय असला, तरी नॅनोमीटर आकाराच्या कणांचा पृष्ठभाग त्यांच्या वस्तुमानाच्या मानाने फार मोठा असतो आणि विदारणाला लाखो वर्षे मिळतात. आम्लधर्मी व ऑक्सिडीकारक पाण्यात क्लोराइड, इतरत्र हायड्रॉक्साइड आणि कुजणाऱ्या वनस्पतींतील सेंद्रिय अम्ले या धातूला थोड्या प्रमाणात विद्राव्य करतात. पॅलॅडियम त्याहून सहज हलते. विरघळलेला अंश बहुधा दूर जात नाही. गोएथाइटच्या किंवा मँगनीज ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर तो धरला जातो आणि परिस्थिती बदलली की पुन्हा धातुरूपात येतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लोमा करिबे येथे प्लॅटिनम, इरिडियम, लोह आणि निकेल यांचे टप्प्याटप्प्याने वाढलेले कण सापडले आहेत. मातीत नवनिर्मिती होते, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा त्यांच्या या रचनेत आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि कोलंबिया येथील प्लॅटिनम खनिजांच्या कणांवर जिवाणूंचे थरही आढळले आहेत, पण ते कण याच प्रकारच्या जांभ्यातले नाहीत, म्हणून तो निष्कर्ष येथे थेट लावणे मला योग्य वाटत नाही.

नमुन्यांविषयी एक सूचना करतो. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या एकाच प्लॅटिनम-लोह कणाचे वजन सुमारे ९ मायक्रोग्रॅम भरते. तो ३० ग्रॅम नमुन्यात आला तर एका अब्ज भागांत सुमारे ३०० भाग प्लॅटिनम दिसेल आणि नाही आला तर जवळजवळ काहीच दिसणार नाही. त्यामुळे एकाच विश्लेषणावर विसंबू नये, एका जागेचे अनेक मोठे नमुने घ्यावेत. माती दळून जड कण वेगळे करण्याने कण भरपूर मिळतात, पण नाजूक कडा मोडतात आणि कणाभोवती काय होते ते कळत नाही; म्हणून त्याच थराचा काही भाग न हलवता राळेत घट्ट करावा आणि त्याचा चकचकीत छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गोएथाइटच्या वाढीच्या पट्ट्यांमध्ये गुंतलेली धातूची कड तेथेच दिसेल.