मुलीच्या फीची एफडी मोडून रंधा मशीन घ्यावं का?

प्रश्न: नाशिकच्या म्हसरूळला भाड्याच्या शेडमध्ये सागवानी फर्निचरचं काम करतो. वखारीतून फळ्या रंधून आणायला वर्षाला 72,000 आणि टेम्पोला 18,000 रुपये जातात. सरफेस (फळीची बाजू सपाट करणारा) आणि थिकनेस (जाडी सारखी करणारा) एकत्र असलेलं मशीन जीएसटीसह 2,12,400 ला मिळतंय, त्याला थ्री फेज वीजजोडणी लागते. फक्त जाडी सारखी करणारा साधा सिंगल फेज थिकनेसर 62,000 ला आहे. मुलीच्या डिप्लोमाच्या जूनमधल्या फीची एफडी मोडून मोठं मशीन घेऊ का? शेडचा करार 11 महिन्यांचा आहे.

उत्तर: एफडीला हात लावू नका. फी जूनमध्ये भरायची आहे आणि ती तारीख पुढे जाणार नाही.

मोठ्या मशीनने महिन्याचे 7,500 वाचतील. त्यातून वीज, पात्यांची धार, थ्री फेजचा स्थिर आकार असे 1,500 वजा करा. उरलेल्या 6,000 ने पैसे फिटायला जवळपास तीन वर्षं लागतात. मालकाने शेड सोडायला सांगितली तर मशीन हलवायचं आणि नव्या जागी थ्री फेजसाठी पुन्हा अर्ज करायचा.

म्हणून आत्ता फक्त थिकनेसर घ्या. तुम्ही म्हणाल, तो फळीचा पीळ, म्हणजे वाकडेपणा, काढत नाही. खरं आहे. रोलर फळी दाबून सपाट करतात आणि बाहेर पडली की ती परत वाकते. पण जाड प्लायच्या पाटावर फळी ठेवून, डुलणाऱ्या कोपऱ्यांखाली पाचरी घट्ट बसवून पाटासकट आत घातली, तर वरची बाजू सपाट निघते. मग ती बाजू खाली करून दुसरी बाजू काढायची. कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला हातरंधा आहेच. वेळ जातो हे मान्य. लांब चौकटी वखारीतच पाठवा. तरी महिन्याला 5,000 वाचावेत, खर्च जाऊन 4,000. शिवाय पावसाळ्यात रंधलेली फळी आठ दिवस पडली की पुन्हा वाकते. घरचं मशीन असलं की थोडी जाड ठेवून, मुरू देऊन, जोडणीच्या आदल्या दिवशी शेवटचा हात मारता येतो.

पैसे कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून उभे करा. सुतारकाम त्यात आहे. पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, 5 टक्के व्याजाने, 18 महिन्यांसाठी मिळतं. 62,000 चा हप्ता साधारण 3,580 बसेल. आधी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. मुद्रा कर्ज चालू असेल तर ते फेडल्याशिवाय हे मिळणार नाही.

मशीन येण्याआधी अपघात विमा मात्र घ्याच. वर्षाला 20 रुपये हप्त्याच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एक हात कायमचा निकामी झाला तर 1 लाख मिळतात, बोट गेलं तर काहीच नाही. सुताराचं पोट बोटांवर चालतं. बोटांची इजा आणि बुडालेला रोजगार दोन्ही धरणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी मागा, आणि धंदा सुतारकाम, मशीनवर, असाच लिहा.