‘अंदाधुंद’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

अंदाधुंद म्हणजे पुढेमागे न पाहता, धरबंद न ठेवता केलेलं. अंदाधुंद गोळीबार, अंदाधुंद खर्च. मूळ रूप ‘अंधाधुंद’. यात संस्कृत ‘अंध’ आहे आणि जोडीला ‘धुंद’, म्हणजे धूसर, अंधुक. आधीच आंधळा, त्यात धुकं! बोलता बोलता ‘अंध’मधला ‘ध’ घासून ‘द’ झाला. हिंदीत मात्र अजून ‘अंधाधुंध’च आहे. मराठीत ‘धुंद’चा नशेत असलेला हा अर्थही असल्यामुळे शब्दाला आणखी जोर येतो, असं मला वाटतं.

‘अंदाधुंदी’ हे नाम वापरलं की अर्थ थेट अराजकापर्यंत जातो. ‘सरसकट’ मात्र वेगळा: त्यात भेदभाव नसतो, पण बेफिकिरी असेलच असं नाही. सरसकट सूट देता येते. अंदाधुंद सूट दिली तर हिशेबच लागत नाही.