दस्ता घासू नका, आधी कार्डाचं व्याज थांबवा

डॅलसहून एका वाचकांचं पत्र आहे. वय ४१, आयटीत नोकरी, पगार वर्षाला १,१०,००० डॉलर, एक मुलगी. गेल्या महिन्यात त्यांनी जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत विंचेस्टर मॉडेल १८९४ ही लिव्हरची रायफल ४,५०० डॉलरला घेतली, क्रेडिट कार्डावर. विकणारा म्हणाला, १८९७ची आहे, पाच वर्षांत दुप्पट होईल. लोखंड चकाचक काळं आहे, नळीवरची अक्षरं थोडी पुसट आहेत, लाकडी दस्ता मात्र खरबरीत झालाय. दस्ता घासून पॉलिश केला तर भाव वाढेल का, असं ते विचारतात.

नाही, उतरेल. संग्राहक पैसे मोजतो ते कारखान्यातून आलेल्या मूळ झिलईचे, नळीच्या आतल्या धारदार आट्यांचे आणि न बदललेल्या भागांचे. सव्वाशे वर्षांत अंगावर आलेला तपकिरी रंग त्याला चालतो, सँडपेपर चालत नाही. तुमच्या वर्णनात मला खटकलं ते त्या चकाचक लोखंडाचं. एवढं जुनं लोखंड एकसारखं काळं आणि वर अक्षरं पुसट, म्हणजे आधीच कुणीतरी घासून नव्याने काळं केलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर किंमत सहज अर्ध्यावर येते. आणि या मॉडेलच्या ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या. नुसत्या वयाला भाव नाही. १८९८ किंवा त्याआधीची असेल तर अमेरिकी संघीय कायद्याने ती ‘अँटिक’, म्हणजे आधुनिक बंदुकांच्या बहुतेक नियमांतून सुटलेली, ठरते, म्हणून १८९७ या आकड्यावर तोंडी विश्वास ठेवू नका. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदी आहेत. अनुक्रमांक कळवून तिथून पत्र मागवा.

आता दुपटीचा हिशेब. कार्डाचं व्याज तुम्ही २४ टक्के लिहिलंय. वर्षाला १,०८०, पाच वर्षांत नुसतं व्याज ५,४००. रायफल खरोखर ९,०००ला गेली तरी तुमचे ९,९०० गेलेले असतील!

पण मला खरी चिंता वाटली ती पत्राच्या शेवटच्या दोन ओळींनी. तीन वर्षांपूर्वी मंडळातल्या ओळखीच्या एजंटाने इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) गळ्यात मारली, महिना ५०० डॉलर, आणि तो हप्ता भरायला तुम्ही ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीसाठीची बचत, बंद केलं. तुम्ही पगाराच्या ४ टक्के टाकले की कंपनी तेवढेच घालते. म्हणजे दर वर्षी ४,४०० डॉलर तुम्ही सोडून देताय, जवळजवळ एका रायफलीची किंमत. ‘तेजी तुमची, मंदी कंपनीची’ हे सांगताना नफ्याला वरून मर्यादा असते, लाभांश मिळत नाही आणि वयाबरोबर विम्याचा खर्च चढत जातो, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. मला याचा मनापासून राग येतो. भरले १८,०००, आज मोडली तर हातात ७,०००.

मोडा. पण आधी २० वर्षांचा, पाच लाख डॉलरचा साधा टर्म विमा घ्या. प्रकृती ठीक असेल तर महिना ५० डॉलरच्या आसपास पडेल. तो हातात आल्याशिवाय पॉलिसीला हात लावू नका. मग ७,०००तून कार्ड पूर्ण फेडा, उरलेले २,५०० अडीअडचणीला ठेवा. सुटलेल्या ५००मधून ५० विम्याला आणि सुमारे ३७० पुन्हा ४०१(के)ला, त्याच महिन्यापासून.

रायफल आवडली असेल तर आहे तशी जपा. मुलीच्या कॉलेजच्या हिशेबात मात्र तिची किंमत शून्य धरा.