मनोरीच्या किनाऱ्यावरच्या नोंदी: किलो द्या, पण नग मोजणं सोडू नका

ताई, तुमची अडचण वाचली आणि आमचेच जुने दिवस आठवले. मुंबईतल्या मनोरीला दर पंधरवड्याला जाऊन तुम्ही किनारा साफ करता, कचऱ्याची आणि प्राण्यांची नोंद ठेवता. आता परवानगी देणाऱ्या कार्यालयाने ‘गोण्या किती, किलो किती’ एवढ्याच रकान्यांचा फॉर्म हातात दिलाय, आणि ग्रुपमधले अर्धे लोक म्हणतायत की मग एकेक वस्तू मोजत कशाला बसायचं. मोजत बसा. त्यांना किलो हवेत तर किलो द्या, पण मोजणी बंद करू नका.

हातमोजे, पाणी, मार्व्याहून बोट कधी सुटते, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात शिरत नाही.

आमचाही पट्टा गोराई-मनोरीचाच. १०० मीटरचा एक ठरलेला तुकडा, ओल्या वाळूपासून मागच्या सुरूच्या झाडांपर्यंत, आणि त्यात अडीच सेंटिमीटरहून मोठी दिसेल ती प्रत्येक वस्तू, प्रकारानुसार. एका कार्यालयाकडे (नाव घेत नाही, अजून तिथे खेटे घालावे लागतात) हे तक्ते घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, “हे कानातल्या काड्या वगैरे कोण वाचणार? मला टनात आकडा द्या, वर पाठवायचाय.” तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी मूळ तक्ते ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतले. पोच मागितली तर, “अहो, तुम्ही आपलीच माणसं,” म्हणून चहा मागवला. पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना विषयच माहीत नाही, आवक नोंदवहीत नोंद नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवून शेवटी ‘लेखी अर्ज करा’. अर्ज केला. त्यावर उत्तर आलं की सदर कागदपत्रे या कार्यालयास प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही.

यात नुकसान काय झालं? १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीचे इअरबड, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल यांवर देशभर बंदी आली. आमच्या तुकड्यात बंदीच्या आधी किती काड्या मिळायच्या आणि नंतर किती, हे आम्ही दाखवू शकलो असतो. कापूस केव्हाच निघून गेलेली, दोन्ही टोकांना बारीक खाचा असलेली ती निळी-पांढरी नळी आमची पोरं लांबून ओळखायची. आता ‘आधी’चा आकडाच नाही, उरलेत ते किलो.

आणि किलोत ती काडी दिसतच नाही. डोलीच्या (खांबांना बांधतात त्या पिशवीसारख्या) जाळ्याचा वाळूने भरलेला एक गठ्ठा किनाऱ्याला लागला की त्या दिवसाचं वजन उड्या मारतं. त्यात पावसाळ्यात गोणी ओली, मेमध्ये कोरडी. दहा माणसं आली तर कमी, कॉलेजची बस आली तर ढीगभर. म्हणजे तुम्ही कचरा मोजत नाही, हवामान आणि हजेरी मोजता. माझं मत कडवट आहे हे मान्य, पण टनाचा आकडा बॅनरसमोरच्या फोटोखाली लिहायला बरा, त्यापलीकडे फारसा उपयोगाचा नाही.

तेव्हा तक्त्याचा फोटो किनाऱ्यावरच काढा, खाडी ओलांडायच्या आधी. कार्यालयात झेरॉक्सच द्यायची, आणि शिक्का-तारखेची पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे बहुतेक अडीच सेंटिमीटरच्या आत बसतात, त्यांना वेगळा रकाना ठेवा, नाहीतर ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

फॉर्ममध्ये प्राण्यांना जागाच नाही म्हणालात. मग स्वतःचा कागद ठेवा आणि काही दिसलं नाही तर ‘शून्य’ लिहा, रकाना कोरा सोडू नका. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याला ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं निघाली तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं. त्याआधीच्या वर्षांत कासवांनी तिथे अंडी घातलीच नाहीत की कोणी बघितलंच नाही, हे शून्य लिहिलेलं असेल तरच सांगता येतं.

जिवंत कासव आलं तर ते परत पाण्यात ढकलू नका. मी काही डॉक्टर नाही, पण किनाऱ्याला लागलेलं कासव बहुतेक वेळा थकलेलं किंवा जखमी असतं, जाळ्याने त्याचे पोहायचे पर कापलेले असतात. सावली करा, पाठीवर ओलं फडकं ठेवा, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधलं आहे, त्यामुळे हाताळणी त्यांच्यावर सोडलेली बरी. मेलेलं असेल तर शेजारी मोजायची टेप ठेवून फोटो काढा, आणि वनखात्याची माणसं आली की पाठीवर रंगाचा फटका मारून घ्या. भरती तेच कलेवर पुढे नेऊन टाकते आणि ते दुसऱ्यांदा मोजलं जातं.

गावातल्या कोळी दादांशी बोलताना एक गोष्ट जरूर सांगा. अडकलेलं कासव किंवा डॉल्फिन सोडवण्यासाठी जाळं कापलं तर सरकारकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. त्यासाठी सोडवतानाचे फोटो लागतात. अनेकांना हे माहीत नसतं, आणि आपण नुसतेच उपदेश करायला आलो असं त्यांना वाटतं.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. दर दुसरा रविवार धरू नका, तिथी धरा. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते आणि उधाणाने रात्री आणून टाकलेला कचरा वर एका रेषेत सापडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवशी, पाणी तेवढं चढत नाही आणि ओहोटी भर दुपारी. दोन्हींचे आकडे शेजारी मांडले तर काहीच जुळत नाही. पण स्वयंसेवक रविवारीच मिळतात, हेही खरं. मग निदान तक्त्यावर त्या दिवसाची तिथी आणि ओहोटीची वेळ लिहून ठेवा, आकडे लावायला बसाल तेव्हा लागेल.