स्पॅरिंगमध्ये (बॉक्सिंगच्या सराव-लढतीत) ठोसा येताना डोळे मिटतात, ही सवय कशी मोडू?

ठोशाचा जोर पार कमी करा आणि काही आठवडे फक्त जॅबची, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचीच फेरी खेळा. तुम्ही सोलापुरात चार महिन्यांपासून बॉक्सिंग शिकताय आणि ठोसा दिसला की मान खाली जाते म्हणता. हा भित्रेपणा नव्हे. पापणी मिटणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती दटावून जात नाही, सवयीने मंदावते. मी इथे मुलांना शिकवतो, त्यांच्याकडून हेच करून घेतो:

- 2 मिनिटांची फेरी. जोडीदाराने फक्त जॅब मारायचा, तोही स्पर्शापुरता. तुम्ही उलट मारायचं नाही, नुसतं अडवायचं.
- नजर ग्लोव्हजवर नको, छातीच्या वरच्या भागावर ठेवा. हाताआधी खांदा हलतो, तो तिथून दिसतो.
- हनुवटी खाली, दात माउथगार्डवर घट्ट, आणि ठोसा येताना नाकाने श्वास सोडा. बहुतेक जण नेमका तेव्हाच श्वास रोखतात.

ग्लोव्हज 16 औंसाचे घ्या. मात्र हेडगार्ड घातलं म्हणून जोर वाढवू नका. त्याने भुवई फुटणं वाचतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. स्पॅरिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा अंधारी आली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा हे सगळं सकाळी 7 च्या आत उरका. उन्हाने आलेली चक्कर आणि डोक्याला बसलेल्या माराची चक्कर सहज वेगळी ओळखता येत नाही.