फिल्म चढवायला बसण्याआधी

अभिनंदन! संशोधनाला गाइड मिळाले, सुपरकपॅसिटरचा, म्हणजे झटपट चार्ज साठवणाऱ्या उपकरणाचा, विषयही मिळाला. आता महिनाभर एक्सआरडीचं, म्हणजे क्ष-किरणांनी मटेरियलची रचना तपासण्याचं, नाव काढू नकोस, आधी काच धुवायला शीक. हसू नकोस. माझ्या पहिल्या सात फिल्म, म्हणजे द्रावणातून काचेवर चढवलेले मटेरियलचे पातळ थर, बीकरमध्येच सुटल्या, दुधावरची साय निघावी तशा. काचेला बोटांचं तेल लागलं होतं. साबण, डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिटोन, आणि मग काच फक्त चिमट्याने कडेला धरायची.

एफटीओ काचेला एकाच बाजूला वीजवाहक लेप असतो; ती वाहक बाजू दरवेळी मल्टिमीटरने तपास. उलट्या बाजूवर फिल्म चढवणारे दरवर्षी निघतात.

शोधनिबंधातलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे साधारण २५ अंश. सोलापुरात मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असतो. बाथ, म्हणजे फिल्म चढवायचं द्रावण, बघता बघता गढूळ होतो. तापमान वहीत लिही, नाहीतर जानेवारीतली फिल्म उन्हाळ्यात पुन्हा निघायची नाही.

काचेऐवजी निकेल फोम, म्हणजे स्पंजसारखं सच्छिद्र निकेल, वापरणार असशील तर कोऱ्या फोमचाही सीव्ही (व्होल्टेज वर-खाली करून करंट मोजण्याची चाचणी) काढ. केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) निकेल स्वतःच चार्ज साठवतं, ते श्रेय तुझ्या मटेरियलला जातं. आणि वजन फिल्म चढवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा, फोम पूर्ण वाळवून. इथेच सगळे फसतात.

इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) मोजणं वगैरे पुढे बघू. तूर्तास एकच फिल्म तीनदा सारखी काढ आणि फोटो पाठव.