लेखाला हात घालण्याआधी

प्रिय विद्यार्थीमित्र,

वर्गाच्या प्रकल्पासाठी विकिपीडियावरचा प्रकाशसंश्लेषणाचा लेख घेतलास, हे छान. पण तो 'पहिल्यापासून लिहून काढायचा' बेत मात्र सोडून दे. एवढ्या मोठ्या विषयाच्या लेखावर बहुधा अनेकांचे हात फिरलेले असतात. आधी त्याचा इतिहास (कुणी, कधी, काय बदललं याची नोंद) आणि चर्चा पान (संपादक लेखाबद्दल बोलतात ते पान) वाच. तुला जे खटकतंय, त्यावर तिथे कधीच भांडून निकाल लागलेला असेल.

मग एकच परिच्छेद घे आणि प्रत्येक वाक्याला विचार, हे कशावरून? समजा वाक्य असं आहे : 'वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातला ऑक्सिजन हवेत सोडतात.' वाचायला सरळ, आणि साफ चूक. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून येतो. १९४१ मध्ये सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच पण वजनाने जड अणू, मिसळलेलं पाणी शैवालाला दिलं. सुटलेल्या वायूतलं त्याचं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाशी जुळलं, कार्बन डायऑक्साइडमधल्या नाही.

दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची. वेळ खाईल तो संदर्भ. १९४१ चा शोधनिबंध शोधाच्या इतिहासासाठी जरूर दे, पण मुख्य विधानाला आधार दे तो वनस्पतिशरीरक्रियाशास्त्राच्या अलीकडच्या पाठ्यपुस्तकाचा किंवा आढावा लेखाचा. एकट्या प्रयोगाचा निष्कर्ष पुढे फिरू शकतो. आढावा लिहिणाऱ्याने उलटसुलट पुरावे तोलून पाहिलेले असतात. आजार-औषधांच्या लेखांत तर हे फार कडकपणे पाळतात, आणि ते बरंच आहे. उंदरांवरचा एखादा प्रयोग वाचून कुणी आपली गोळी बदलू नये. पुस्तकाचा पान क्रमांकही दे, नाहीतर पडताळणाऱ्याला अख्खं पुस्तक चाळावं लागतं.

सगळ्यात जड जाईल ती निबंधाची सवय मोडणं. निबंधात स्वतःचं मत मांडलंस की गुण मिळतात; इथे 'मूळ संशोधन नको' हा नियमच आहे. दोन शोधनिबंध शेजारी ठेवून तिसरा निष्कर्ष तू काढलास, तर तो बरोबर असला तरी चालत नाही. 'यावरून असे दिसते की' असं लिहिलंस की थांब. कुणाला दिसतं? नाव सांगता येत नसेल तर वाक्य खोड. शब्द इकडचे तिकडे करून उतरवलेला मजकूरही नको, ती नक्कलच. पुस्तक मिटून लिही, मग उघडून तपासून घे.

तुझा बदल कुणीतरी उलटवेल, बहुतेक पहिल्याच आठवड्यात. फुगून बसू नकोस आणि तोच मजकूर पुन्हा टाकूही नकोस. चर्चा पानावर जा, संदर्भ दाखव, कारण विचार. 'गुणांसाठी आहे, राहू द्या' असं चुकूनही म्हणू नकोस; तुझ्या गुणांशी वाचकाला काय देणंघेणं? तसंही उलटवलेली आवृत्ती लेखाच्या इतिहासात दिसते, तीच शिक्षकांना दाखव. प्रकल्प सुरू होण्याआधीच त्यांच्याशी हे बोलून ठेव, कारण 'लेखात टिकलेले शब्द' मोजून गुण देण्याचा मोह काहींना होतो.

मसुदा आधी तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुझ्या सरावाच्या पानावर, लिही आणि मला दुवा पाठव. मी भाषेला हात लावणार नाही, फक्त संदर्भ उघडून बघेन.

तुझा,
एक जुना संपादक